दोन माणसांचा वारा

आमच्याकडे वारा माणसांनी मोजतात. रेडिओवरची बाई ताशी अमुक किलोमीटर, तमुक किलोमीटर म्हणत असते, ते शहरातल्या लोकांसाठी. आमच्या तालिसे गावात कुणालाही विचारा, वारा किती, तर तो सांगेल एका माणसाचा, नाहीतर दोन माणसांचा. आमच्या शिडाच्या होडीला दोन्ही बाजूंना बांबूची उलांडी असते, होडीपासून चार हात लांब, आडव्या काठ्यांनी बांधलेली. शिडात वारा भरला की होडी एका अंगावर कलते. ती उलटू नये म्हणून वाऱ्याकडच्या उलांडीवर माणसानं जाऊन उभं राहायचं, डोलकाठीचा दोर हातात धरून. एक माणूस पुरला तर एका माणसाचा वारा. दोन लागले तर दोघांचा. तीन लागणार असतील तर आमची होडी वाळूवरच बरी, कारण सुकाणू धरणारा माझा बाप सोडला तर होडीत दोनच माणसं असत, मी आणि माझा नवरा रुफिनो.

उलांडीवर बाई बघून लोक हसतात. हसू देत. माझ्या बापाला, तातय क्रिस्पूलोला, मुलगा झाला नाही. मी सात वर्षांची असताना त्यानं मला काठीवर चढवलं, तेव्हा सगळं गाव म्हणालं, क्रिस्पूलोनं पोरीचं माकड केलं. आई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. पण मी पडले नाही, आणि दहाव्या वर्षी मी वारा वाचायला लागले.

वारा निघायच्या आधी वाचावा लागतो, तीच खरी विद्या. किनाऱ्यावर डोंगर आडवा असतो, तिथे तुमच्या गालाला काय लागतं त्याला अर्थ नाही. पुढे पाण्याकडे बघायचं. पाण्यावर खवल्यांसारख्या बारीक लाटा उठल्या असतील तर एक माणूस. लाटांना पांढरी टोकं आली असतील तर दोन. टोकं फुटून पाणी उडत असेल तर घरी जाऊन भात खा. वाऱ्याचा झोत येतो तेव्हा त्याच्या आधी पाण्यावर एक काळपट डाग धावत येतो, तो दिसला की उलांडीवरचा माणूस अंग बाहेर टाकतो आणि झोत येईपर्यंत तयार असतो. तातयची नजर माझ्या लहानपणीच मंदावली. तेव्हापासून तो सुकाणू धरून विचारायचा, “किती, इंदाय?” इंदाय म्हणजे आमच्याकडे मुलगी. मी चाळिशी ओलांडली तरी त्याला इंदायच. मी आकडा सांगायची आणि तो त्यावर शीड बांधायचा. तीस वर्षांत मी एकदाही चुकीचा आकडा सांगितला नव्हता.

रुफिनो दर्यावरचा नव्हताच. तो वरच्या ऊसमळ्यातला. आमच्या गावच्या जत्रेला आला, मला उलांडीवर बघितलं आणि परत गेलाच नाही. पहिल्यांदा होडीत बसला तेव्हा पोटातलं सगळं बाहेर काढलं. तातय म्हणाला, “अरे जावईबापू, मासे पकडायला आलोय, त्यांना जेवू घालायला नाही.” तो अंगानं चांगला भरलेला, पोट पुढे. तातय त्याला दीड माणूस म्हणायचा. मी “दोन” म्हटलं की तातय मधल्या फळीकडे मान वळवून ओरडायचा, “चल रे दीड माणसा, ऊठ, वारा आलाय!” आणि रुफिनो कुरकुरत उठायचा, “अडीच माणसं झाली की तातय, अर्ध्याचं भाडं कोण देणार?” वीस वर्षं हाच विनोद. वीस वर्षं दोघेही हसले. मी त्यांना म्हणायची, तुम्हा दोघांना दुसरं काही सुचत नाही का. आता वाटतं, बोलायला नको होतं.

त्याचे केस मात्र बघण्यासारखे होते. दाट, काळेभोर, मानेपर्यंत. त्याला खोबरेल लावून ते विंचरायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

ऑक्टोबरात पहिलं वादळ आलं. त्या वादळात एक तेलाचं जहाज निघालं. इशारा लागलेला होता, आमच्या होड्या खाजणात तिवरांना बांधलेल्या होत्या, गावातलं कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं, आणि हे निघालं. कुणाला कुठे कसली घाई होती, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. सामुद्रधुनीच्या मध्यात ते बुडालं. खलाशी वाचले. त्याचा मला आनंद आहे, खरंच आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे वास आला. रॉकेलचा डबा उशाशी सांडल्यासारखा. आम्ही वाळूवर गेलो तेव्हा लाट फुटत नव्हती. तेच पहिल्यांदा कळलं मला, आवाज नव्हता. रोज सकाळी लाट वाळूवर फुटते, ती फुटत नव्हती, नुसती सरपटत वर येत होती आणि परत जात होती. वाळू काळी झाली होती. एक बगळा उभा होता, उडायचा प्रयत्न करत होता, आणि पंख अंगाला चिकटत होते.

तातयनं वाळूतलं तेल बोटावर घेऊन बघितलं. मग म्हणाला, “बघ, जहाजानं खोबरं चावून थुंकलंय.”

हे आमच्याकडचं जुनं काम. माझा आजा ऑक्टोपस मारायचा. पाण्यावर बारीक लाटा असल्या की तळ दिसत नाही, मग तो खोबरं चावायचा आणि पाण्यावर थुंकायचा. खोबऱ्याचं तेल पसरलं की तेवढ्यापुरतं पाणी काचेसारखं सपाट व्हायचं आणि खाली दगडाच्या फटीत बसलेला ऑक्टोपस दिसायचा. तेल लाट बसवतं, हे आमच्या पोराटोरांनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरले.

आमची कापिताना, म्हणजे गावची प्रमुख, एदिथा नावाची बाई. तिनं गावाला कामाला लावलं. नारळाची सोडणं, भाताचा पेंढा, कोंबड्यांची पिसं, जे तेल शोषेल ते जुन्या जाळ्यांत भरायचं, लांबलचक वळकट्या करायच्या आणि पाण्यात आडव्या टाकायच्या. मग कुणीतरी सांगितलं, माणसाचे केस सगळ्यात चांगलं तेल धरतात. चर्चच्या ओट्यावर न्हावी बसला. बायकांनी वेण्या कापून दिल्या. मी दिली. आणि सगळ्यात आधी, न्हाव्यानं वस्तरा काढायच्या आधी, रुफिनो जाऊन बसला. पूर्ण डोकं भादरून घेतलं.

मी म्हटलं, “अरे, थोडे तरी ठेवायचे.”

“लांगा,” तो म्हणाला. लाडात आला की मला लांगा म्हणायचा. “दीड माणसाचे केस आहेत, दीड वळकटी होईल.”

डोकं चोळत घरभर फिरला दिवसभर. नारळासारखा दिसतोस, म्हणाले मी. तातय म्हणाला, नारळाचा अपमान करू नकोस.

आमची शेवाळाची शेती बातोबातो बेटाच्या आतल्या बाजूला. बेट म्हणजे काय, एक टेकडी, चार माड, आणि पोटात तळ्यासारखं उथळ पाणी, ज्याला एकच अरुंद तोंड. तिथे दोरांवर आम्ही शेवाळ वाढवतो, वाळवतो, इलोइलो शहराला पाठवतो. तेल तिथवर अजून पोचलं नव्हतं. त्या तोंडाशी वळकटी आडवी टाकून तिच्यावर लक्ष ठेवलं, ओहोटीला ती सुटली तर परत बांधली, तर शेती वाचणार होती. गावातल्या सात घरांची होती ती. रुफिनो म्हणाला, मी जातो. सोमवारी आम्ही त्याला सोडून आलो, तांदूळ, सुकी मासळी आणि तीन दिवसांचं पाणी देऊन.

मंगळवारी संध्याकाळी दुसऱ्या वादळाची बातमी आली.

बुधवारी सकाळी एक नंबरचा इशारा लागला. रेडिओवरची बाई म्हणाली, संध्याकाळपर्यंत दोन, रात्री कदाचित तीन. मी रुफिनोला फोन लावला, लागला नाही. बातोबातोवर टेकडीच्या माथ्यावर गेलं तरच लागतो. गावातल्या तिन्ही इंजिनाच्या होड्या तेलमाखल्या वाळूची पोती घेऊन शहराकडे गेल्या होत्या. कापितानानं तटरक्षक दलाला सांगितलं होतं. ती म्हणाली, “बोट पाठवतो म्हणालेत.”

“कधी?”

“पाठवतो म्हणालेत, साल्बिंग. मी काय करू? मी पाण्यावरून चालत जाऊ?”

आम्ही नऊपर्यंत वाट बघितली. बोट आली नाही. बातोबातोवर वादळात माणूस राहू शकत नाही. दोन नंबरला लाट त्या माडांच्या बुंध्यावरून जाते, हे तातयनं डोळ्यांनी बघितलेलं. माझा नवरा तिथे एका झोपडीत होता आणि दुपार टळायच्या आत त्याला आणायचा होता. एवढीच गोष्ट होती. तातय उठला आणि होडीखालची लाकडी ठोकळी काढायला लागला. कापितानानं मना करायला हवं होतं. तिनं नुसतं तोंड फिरवलं आणि मुलांना शाळेत न्यायला गेली, वादळात गाव शाळेत राहतं म्हणून.

जाताना काही अडचण आली नाही. आम्ही उत्तरेच्या बाजूनं गेलो, तिकडे तेल कमी होतं. पाणी निळं, खवलेदार, एका माणसाचा वारा, मी उलांडीवर, तातय मागे. आकाश मात्र मला आवडलं नाही. पूर्वेला ढग काळा नव्हता. तांबूस होता, जुन्या जखमेवरच्या खपलीसारखा. पक्षी एकही नव्हता. मी तातयला म्हटलं, पक्षी नाहीत. तो म्हणाला, पक्षी तेलानं मेलेत. ते खरं होतं. पण एरवी पक्षी नसणं म्हणजे आम्ही निघतच नाही. त्या दिवशी प्रत्येक खुणेला दुसरं काहीतरी कारण होतं.

रुफिनो तोंडाशी पाण्यात कमरेइतका उभा होता. वळकटी रात्री दोनदा तुटली होती. त्यानं ती अंगानं धरून ठेवली होती, दोन रात्री झोपला नव्हता. खांद्यापासून बोटांपर्यंत काळा, सदरा तेलानं जड झाला म्हणून काढून फेकलेला, भादरलेल्या डोक्यावरही काळे पट्टे. मला बघून हसला, तेव्हा दात तेवढे पांढरे दिसले.

“आत नाही येऊ दिलं,” तो म्हणाला. “बघा तातय, आतलं पाणी बघा.”

आतलं पाणी खरंच स्वच्छ होतं. दोरांवर आमचं शेवाळ हिरवं, तपकिरी, हलत होतं. तातयनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात काळा झाला तो स्वतःच्याच चड्डीला पुसला.

“झालं तुझं काम. चल आता. ते येतंय.”

“आणि ही वळकटी सोडून? ही आज तुटली तर…”

“आज तुटणारच आहे, गाढवा. तिच्याबरोबर तुला कशाला?”

तो होडीत चढला. मधल्या फळीवर बसला आणि बसल्या बसल्या डोळे मिटले. त्याच्या अंगावरचं तेल फळीवर, आडव्या काठ्यांवर, सगळीकडे लागलं. मी गोणपाटानं काठी पुसली, जमेल तेवढी. मग आम्ही बेटाच्या तोंडातून बाहेर निघालो आणि तातयनं विचारलं, “किती, इंदाय?”

मी बघितलं. डावीकडे, उत्तरेला, ज्या वाटेनं आलो त्या निळ्या पाण्यावर आता पांढरी टोकं होती. एका तासात वारा वाढला होता. पण समोर, बातोबातोपासून थेट तालिसेच्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, एक रुंद सपाट पट्टा होता. एक पांढरं टोक नाही. एक खवला नाही. करडा, चकचकीत, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत. त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी उसळत होतं आणि मधोमध आमच्यासाठी कुणीतरी रस्ता करून ठेवला होता.

ते तेल होतं, हे आम्हाला दिसत होतं. आम्ही आंधळे नव्हतो. पण डोळ्यांना तीस वर्षांची सवय होती. सपाट पाणी म्हणजे वारा नाही. आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. मी रुफिनोकडे बघितलं. तो झोपला होता, मान छातीवर, तोंड उघडं. दोन म्हटलं असतं तर त्याला उठवावं लागलं असतं.

“त्या पट्ट्यातून एक,” मी म्हटलं. “एकच. मी पुरे.”

तातयनं पट्ट्याकडे डोळे बारीक करून बघितलं. “लाट नाही तिकडे?”

“नाही. सपाट आहे.”

त्यानं पूर्ण शीड सोडलं. दोन म्हटलं असतं तर त्यानं अर्धं बांधलं असतं.

पट्ट्यात शिरलो आणि आवाज बंद झाला. होडीच्या तोंडाशी एरवी पाणी फुटतं, खळखळतं. तिथे नुसतं जाडसर काहीतरी दुभंगत होतं. उलांडी त्यात बुडून वर यायची तेव्हा काळी ओघळ घेऊन यायची, आणि ती ओघळ काठीवरून माझ्या पायापर्यंत. मी पायाखाली गोणपाट धरलं होतं, हातात डोलकाठीचा गाठीगाठीचा दोर. वासानं डोकं दुखायला लागलं. खालून मोठमोठे उंचवटे येत होते, वर फेस नसलेले, आवाज नसलेले. होडी त्यांच्यावर चढायची आणि उतरायची. बारीक लाट तेलानं बसते. मोठी बसत नाही. ती फक्त दिसेनाशी होते.

अर्ध्या वाटेत आलो आणि टेकडीचा आडोसा संपला. मी पाण्यावर तो काळपट डाग शोधत होते, झोताच्या आधी धावत येणारा. तीस वर्षं तो डाग मला सांगत आलाय, आता अंग बाहेर टाक. सगळंच काळं होतं. डाग आला की नाही, मला कधीच कळलं नाही. गालावर वारा लागला आणि त्याच क्षणी शीड फुगून फाटल्यासारखं वाजलं. होडी पलीकडे कलली. मी ज्या उलांडीवर उभी होते ती पाण्यातून उचलली गेली, वर, माझ्यासकट.

“दोन!” तातय ओरडला. मला विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. “दोन! ऊठ रे! रुफिनो, ऊठ!”

रुफिनो उठला. झोपेतून, डोळे पूर्ण उघडायच्या आधी, वीस वर्षांच्या सवयीनं उठला आणि काठीवर पाय टाकून माझ्याकडे यायला निघाला. कुरकुरलाही नाही. दोन पावलं टाकली. त्याचं वजन आलं तसं उलांडी खाली बसायला लागली, होडी सरळ व्हायला लागली, दीड माणूस तो, पुरेसा होता. तिसऱ्या पावलाला काठीवर तेल होतं.

पडताना त्यानं उलांडीचा बांबू धरला. आमच्या गावात पोर चालायला लागतं तेव्हापासून त्याला एकच शिकवतात, पडलास तर उलांडी सोडू नकोस. पोहायला जाऊ नकोस, ओरडू नकोस, बांबूला मिठी मार, होडी तुला घरी आणेल. रुफिनो मोठेपणी शिकला होता, पण शिकला होता. त्यानं बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “धरलंय, लांगा. धरलंय मी.”

तातयनं शिडाचा दोर सोडून दिला, शीड फडफडायला लागलं, होडीचा वेग पडला. मी काठीवर पोटावर पडले आणि सरकत त्याच्याकडे गेले. खालून एक उंचवटा आला, उलांडी त्यात बुडून वर आली, आणि रुफिनो हातभर मागे घसरला. परत मिठी मारली. “धरलंय,” म्हणाला. परत उंचवटा. परत हातभर. बांबू काळा, त्याचे हात काळे, त्याची छाती काळी. जे जे धरायचं होतं ते सगळं तेलाचं झालं होतं.

मी मनगट धरलं. माझ्या हातातून ते निघून गेलं. जोर लागला नाही, हिसका बसला नाही, नुसतं निघून गेलं. दंड धरला, निघून गेला. मग मी केसांना हात घातला. जत्रेत दिसले होते ते केस, वीस वर्षं माझ्या उशीवर असलेले केस, मी त्यात बोटं घातली आणि बोटं गुळगुळीत कातडीवरून सरकली. मी विसरले होते. मला त्या क्षणी खरंच आठवलं नाही की ते कापले आहेत.

तो बांबूच्या टोकापर्यंत गेला आणि मग बांबू संपला.

काळ्या पाण्यात काळं डोकं. फेस नाही की पांढरं काही नाही, जिथे नजर ठरेल. एकदा दिसलं, उंचवट्याच्या माथ्यावर. आम्ही होडी वळवली. वळवून त्या जागी आलो असं आम्हाला वाटलं, पण ती जागा इतर जागांसारखीच होती. मी हाका मारल्या. तातय माझ्या बापासारखा दिसत नव्हता, सुकाणू धरून बसलेला एक म्हातारा दिसत होता. तासभर आम्ही फिरलो. मग पाऊस आला आणि काहीच दिसेना, आणि तातयनं मला न विचारता होडी किनाऱ्याकडे घेतली. त्यासाठी मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. आईसारखीच.

वादळ रात्रभर राहिलं. बातोबातोची वळकटी तुटली, शेवाळ गेलं. चौथ्या दिवशी खाजणात, तिवरांच्या मुळांत, वाळू भरणाऱ्या लोकांना तो सापडला.

घरी आणल्यावर बायका म्हणाल्या, साबण आणा. साबणानं ते निघत नाही. मी त्याला खोबरेलानं धुतलं. तेलानं तेल निघतं. जे तो रोज केसांना लावायचा त्याच बाटलीतलं ओतलं, आधी तोंड, मग छाती, मग हात. एकेक बोट. नखांत बांबूचे बारीक तुकडे होते. दहाही नखांत. ते मी टाचणीनं काढले आणि कुणालाही मदत करू दिली नाही.

नऊ दिवस प्रार्थना झाल्या. अंगणात लोक पत्ते खेळत बसले, माडी प्याले, रीत आहे तसं. शहरातून एक साहेब आला, तेलानं कुणाचं काय गेलं त्याची यादी करायला. चांगला माणूस होता, बोलताना टोपी काढली त्यानं. मी सगळं सांगितलं. त्यानं लिहिलं, वादळात बुडून मृत्यू. मी म्हटलं, साहेब, वादळ संध्याकाळी आलं. तो दुपारी गेला. तो म्हणाला, “पण बाई, इशारा लागलेला असताना तुम्ही बाहेर पडलात ना?” मी म्हटलं, हो, पडलो. जहाजही पडलं होतं. त्यानं टोपी घातली. तेलाच्या यादीत शेवाळ आहे, जाळी आहेत, पाचशे बगळे आहेत. रुफिनो नाही.

तातयनं मला एकदाही काही म्हटलं नाही. तो म्हणाला असता, तू एक म्हणालीस, तर बरं झालं असतं. मी भांडले असते. तो नुसता उलांडीचे बांबू काढून, नवे बांबू तोडून, सोलून, उन्हात वाळवून बांधत बसायचा. जुने त्यानं जाळले. काळा धूर झाला, दोन दिवस घरात वास होता.

मार्चमध्ये पाणी निळं झालं. वरून तरी झालं. माझे केस कानांपर्यंत आले होते. एका सकाळी तातय होडी ढकलायला लागला, मला हाक मारली नाही, पण मी गेले. घरात तांदूळ संपत आले होते आणि आम्हाला दुसरं काही येत नाही. आम्ही डोंगराच्या आडोशातून बाहेर आलो. मी उलांडीवर चढले, पाय नव्या काठीवर घट्ट बसले. तातयनं सुकाणू धरलं. त्यानं विचारलं नसतं तर मला चाललं असतं.

“किती, इंदाय?”

मी बघितलं. दिसत होतं, स्वच्छ दिसत होतं. पांढरी टोकं होती, लांबपर्यंत, एकसारखी. एक मोठा काळपट डाग आमच्याकडे धावत येत होता.

“दोन,” मी म्हटलं.

तातयनं सवयीनं मान मधल्या फळीकडे वळवली आणि ओरडायला तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं ते. मग त्यानं तोंड मिटलं, सुकाणू सोडलं आणि शीड उतरवायला घेतलं. मी काठीवरून आत आले आणि त्याला दोर गुंडाळायला मदत केली.